खोडदच्या कानाशी मोबाईल

पुण्यात २००३-०४ च्या सुमारास फोन येणार असल्याची खबर फोनच्या आधी रेडिओला लागायची. टेबलावर ट्रान्झिस्टर, त्याला खेटून ठेवलेला नोकिया, ७९२ किलोहर्ट्झवर पुणे केंद्राच्या बातम्या, आणि मध्येच ‘टट्टट-टट्टट-टट्टट टर्रर्र’. मग दोन-तीन सेकंदांनी रिंग. कॉम्प्युटरचे स्पीकर, लँडलाइनचा रिसीव्हर, मंगल कार्यालयातला माइक, सगळ्यांनाच ही लागण होती. गुरुजींच्या खिशात मोबाईल असला की मंगलाष्टकांना एक आगंतुक साथीदार मिळायचा. जाड काचेच्या टीव्हीवर फोन ठेवला तर चित्र थरथरायचं आणि घरातली मोठी माणसं ‘तो डबा आधी तिथून उचल’ म्हणून ओरडायची.

तेव्हाचे बहुतेक फोन जीएसएम पद्धतीचे. २०० किलोहर्ट्झ रुंदीची एक वाट आठ जणांनी वाटून घ्यायची, अशी ती व्यवस्था. प्रत्येक फोनला ५७७ मायक्रोसेकंदांची पाळी, आणि आठ पाळ्यांची फेरी ४.६१५ मिलिसेकंदांत पुरी. म्हणजे फोन अखंड बोलत नसे. सेकंदाला २१७ वेळा तो जास्तीत जास्त दोन वॅट जोराने ओरडून गप्प बसे. त्याची ९०० मेगाहर्ट्झची लहर माणसाच्या कानाला ऐकू येणं शक्यच नव्हतं. पण स्पीकरची वीतभर वायर या लहरींसाठी आयती अँटेना ठरे. आतल्या अँप्लिफायरचे ट्रान्झिस्टर अशा लहरीला सामोरे जाण्यासाठी बनवलेलेच नसत. ते लहर गाळून टाकत आणि तिची फक्त चालू-बंद, चालू-बंद ही उघडझाप पुढे पाठवत. २१७ हर्ट्झचा तो सूर पेटीवर शोधला तर पांढरी सहाच्या किंचित खाली सापडतो. मोबाईलच्या मनोऱ्याने हाक मारली की फोन पहिला ‘ओ’ मोठ्याने देई, कारण मनोरा किती लांब आहे हे अजून ठरलेलं नसे. मग मनोरा त्याला आवाज कमी करायला सांगे. म्हणून रिंगच्या आधीची खरखर सर्वांत जोरात. रिलायन्सच्या सीडीएमए फोनची पद्धत निराळी होती. त्याची अशी खरखर जवळपास नसायचीच, आणि पुढे थ्री-जीवर चालणाऱ्या फोनांचीही ती थांबली.

घरातल्या वस्तूंपुरतं हे सगळं करमणुकीचं होतं. हॉस्पिटलं आणि विमानं यांच्याबाबत बरीच भीती होती. पेसमेकर बसवलेल्या माणसाने फोन छातीपासून सहा इंच लांब ठेवावा, हा सल्ला तेव्हाचा आणि आजही लागू. हॉस्पिटलांतल्या सरसकट बंदीची धार मात्र २००७ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या चाचण्यांनंतर बरीच बोथट झाली. खाटांजवळ नेहमीसारखा फोन वापरून त्यांनी तीनशे वेळा तपासून पाहिलं, आणि उपचारात अडथळा येईल असं काही आढळलं नाही.

पण पुण्याच्या उत्तरेला ८० किलोमीटरवर, नाशिक रस्त्यावरच्या नारायणगावातून पूर्वेकडे वळून दहा किलोमीटर आत गेलं की खोडद लागतं. मोबाईलच्या या गोंगाटाचा खरा इतिहास तिथे घडला, आणि तो अजून संपलेला नाही.

त्या खोऱ्याची ओळख टेलिफोनवाल्यांना खगोलशास्त्रज्ञांच्या आधीपासून होती. नारायणगावजवळच्या आर्वीला १९७१ मध्ये विक्रम भू-उपग्रह केंद्र सुरू झालं. विक्रम साराभाईंच्या नावाचं हे केंद्र भारताचे परदेशी टेलिफोन हिंदी महासागरावरच्या उपग्रहामार्फत जोडायचं. चहूबाजूंनी डोंगर, शहर लांब, म्हणून उपग्रहाचा क्षीण संदेश इथे स्वच्छ मिळतो, हा जागा निवडण्यामागचा साधा हिशोब. दीड दशकानंतर त्याच हिशोबाने गोविंद स्वरूप याच बाजूला आले.

स्वरूप मूळचे उत्तर प्रदेशातले, १९२९ चा जन्म. १९५३ ते ५५ या काळात ते ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या पॉट्स हिलला रेडिओ खगोलशास्त्र शिकले. नंतर स्टॅनफर्डला डॉक्टरेट केली, आणि होमी भाभांच्या बोलावण्यावरून १९६३ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. पॉट्स हिलला वापरून झालेल्या १.८ मीटर व्यासाच्या ३२ तबकड्या ऑस्ट्रेलियाने भारताला भेट दिल्या होत्या. त्या १९६५ मध्ये कल्याणला उभ्या राहिल्या, आणि देशातली पहिली रेडिओ दुर्बीण महाराष्ट्रात झाली. १९७० ला उटीची दुर्बीण झाली. डोंगराचा उतार अक्षांशाइतकाच असलेली जागा शोधून त्यावर ५३० मीटर लांबीचा पन्हाळीच्या आकाराचा आरसा बसवण्याची ती अक्कल आजही वाखाणली जाते. १९८४ मध्ये स्वरूप यांनी मीटरभर लांबीच्या लहरी ऐकणाऱ्या एका अवाढव्य दुर्बिणीचा विचार मांडला, आणि १९८७ मध्ये तिला मंजुरी मिळाली. जीएमआरटी, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, ती हीच.

मीटरभर लांबीच्याच लहरी का, याचं एक कारण ऐकायला गंमतशीर आहे. युरोप-अमेरिकेत या लहरींचा पट्टा टीव्ही, पोलीस वायरलेस, टॅक्सी, रेडिओ अशा मानवी गोंगाटाने कधीच भरून गेला होता. भारतात तो बराच रिकामा होता. खोडदच्या जुन्नर तालुक्यात तर विचारायलाच नको. शास्त्रज्ञांनी जागा निवडताना आणखीही बघितलं होतं: चुंबकीय विषुववृत्तापासून पुरेसं उत्तरेला असल्यामुळे वरचं आयनांबर फारसं खवळत नाही, तरीही दक्षिण आकाशाचा चांगला हिस्सा दिसतो, आणि पुणं जवळ आहे. पण मुळात गावात फोन मोजके, टीव्ही मोजके, कारखाने नाहीत, हेच या दुर्बिणीचं भांडवल होतं. एखाद्या भागाचं मागासलेपण राष्ट्रीय संपत्ती ठरण्याचे प्रसंग थोडे. हा त्यांतला एक, आणि त्याची किंमत कोणी मोजायची याची चर्चा तेव्हा कोणी केली नाही, असं मला आज मागे वळून बघताना वाटतं.

नव्वदच्या दशकात ऊस, कांदा आणि टोमॅटोच्या शेतांमधून ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभ्या राहिल्या. चौदा खोडदला साधारण चौरस किलोमीटरात, आणि सोळा इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फाट्यांवर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २५ किलोमीटर पसरलेल्या. लांबून पाहिलं तर तबकडी दिसतच नाही, तिच्या आरपार आभाळ दिसतं. कारण पृष्ठभाग पत्र्याचा नाही. अर्ध्या मिलिमीटरच्या स्टेनलेस स्टीलच्या तारेची जाळी दोरखंडांवर ताणून बसवलेली आहे. मीटरभर लहरीला बोटभर भोक जाणवत नाही, वारा मात्र त्यातून निघून जातो, त्यामुळे सांगाडा हलका आणि खर्च कमी. ४ ऑक्टोबर २००१ रोजी रतन टाटांच्या हस्ते ही दुर्बीण जेआरडींच्या स्मृतीला अर्पण झाली, आणि २००२ मध्ये जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांसाठी खुली झाली. तिचा कारभार पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राकडे, म्हणजे एनसीआरएकडे आहे.

आता मोबाईलच्या तारखा बघा. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला दूरसंचारमंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाईल फोन केला ३१ जुलै १९९५ ला. त्यानंतर काही वर्षं मोबाईल ही बिल्डर, डॉक्टर आणि पुढाऱ्यांची चैन होती. आलेल्या फोनलाही पैसे पडत. मार्च २००२ मध्ये अख्ख्या देशात ६५ लाखांच्या आसपास मोबाईल होते. २००३ च्या मे महिन्यात इनकमिंग फुकट झालं, त्याच पावसाळ्यात रिलायन्सने ५०१ रुपयांत फोन हातात दिला, आणि मार्च २०१० पर्यंत आकडा ५८ कोटींवर गेला. अठरा वर्षांच्या खटपटीने जुन्नरच्या शांततेत एक कान बांधून तयार झाला, आणि तो उघडला त्याच्या पुढच्याच वर्षी देशाने एकसुरात बोलायला सुरुवात केली.

यात आणखी एक वळसा आहे. रेडिओ खगोलशास्त्राचा जन्मच टेलिफोनच्या तक्रारीतून झाला. अमेरिकेतल्या बेल टेलिफोन प्रयोगशाळेत कार्ल जान्स्की नावाचा तरुण इंजिनीअर अटलांटिकपारच्या रेडिओ-टेलिफोनमधली खरखर कुठून येते ते शोधत होता. जवळचं वादळ, लांबचं वादळ, आणि तिसरी एक मंद सळसळ. ही तिसरी रोज चार मिनिटं आधी उगवायची, म्हणजे सूर्याच्या नाही तर ताऱ्यांच्या घड्याळाने चालायची. १९३३ मध्ये त्याने जाहीर केलं की ती आकाशगंगेच्या मध्याकडून येते. टेलिफोनला आकाशाचा अडथळा होतो म्हणून सुरू झालेलं हे शास्त्र आज आकाशाला टेलिफोनचा अडथळा होतो म्हणून हैराण आहे.

हैराण किती, हे समजायला जान्स्कीच्याच नावाचं माप घ्यावं लागतं. चौरस मीटरवर, एक हर्ट्झच्या पट्ट्यात, वॅटचे दशांश चिन्हानंतर २५ शून्यं देऊन मग एक लिहावा इतकी शक्ती म्हणजे एक जान्स्की. खोडदची दुर्बीण त्याच्याही हजाराव्या भागाहून मंद असलेल्या दीर्घिका टिपते. आता समजा, एक जुना दोन वॅटचा जीएसएम फोन चंद्रावर नेऊन ठेवला. गुणाकार-भागाकार केला तर त्याच्या पट्ट्यात तो पृथ्वीवर सरासरी साठ-सत्तर जान्स्कीचा भरतो. सूर्य बाजूला ठेवला तर कॅसिओपिया ए, सिग्नस ए अशा मोजक्या मातब्बरांच्या खालोखाल हा फोन आकाशातला एक ठळक रेडिओ स्रोत ठरेल. तोच फोन शंभर मीटरवर कोणाच्या खिशात असेल तर चंद्रावरच्यापेक्षा चौदा-पंधरा लाख कोटी पट जोरदार. शिवाय संग्राहकाचे पहिले अँप्लिफायर अतिशय नाजूक असतात. शेजारच्या पट्ट्यातला दणका बसला की त्यांची चाल बिघडते आणि त्यांना स्वतःच्या पट्ट्यातलंही धड ऐकू येत नाही. लक्ष्मी रस्त्यावर ढोल पथक समोरून जात असताना शेजारच्याशी बोलून बघावं, तसं ते आहे.

‘मग मोबाईलवाल्यांनी एक पट्टा घ्यावा आणि शास्त्रज्ञांनी दुसरा,’ असं कोणीही म्हणेल. तसा करार आहे. हायड्रोजनचा अणू १४२० मेगाहर्ट्झवर बोलतो, म्हणून १४०० ते १४२७ हा पट्टा जगभर राखीव आहे आणि तिथे कोणीही प्रक्षेपण करायचं नाही. अडचण अशी की आपल्याजवळचा हायड्रोजनच तेवढा १४२० वर ऐकू येतो. विश्व प्रसरण पावत असल्यामुळे जितका दूरचा, म्हणजे जितका जुना हायड्रोजन, तितकी त्याची लहर ताणून खाली उतरलेली. जीएसएमचे मनोरे ज्या ९३५ ते ९६० मेगाहर्ट्झवर फोनशी बोलतात, तिथे नेमका सुमारे पाच अब्ज वर्षांपूर्वीच्या हायड्रोजनचा संदेश येतो. तेव्हा आपला सूर्यही जन्मला नव्हता. थोडक्यात, १४२० च्या खालचा मोबाईलचा प्रत्येक पट्टा विकला जातो तेव्हा विश्वाच्या इतिहासातलं एक पान झाकलं जातं. लिलावाच्या कागदपत्रांत हा रकाना नसतो.

अमेरिकेने वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्रीन बँकच्या दुर्बिणीसाठी १९५८ मध्येच ३४ हजार चौरस किलोमीटरचं शांतता क्षेत्र आखून दिलं. तिथे दुर्बिणीजवळ स्पार्क प्लगची ठिणगी नको म्हणून गाड्याही डिझेलवर चालतात. पुणे-नाशिक महामार्गाच्या कडेला, बागायती पट्ट्यात, असं क्षेत्र आखणं कोणत्याही सरकारला जमलं नसतं. खोडदची शांतता म्हणून वाटाघाटींनी मिळवावी लागली, एकेका मनोऱ्यासाठी आणि एकेका खांबासाठी. मनोरा कुठे असावा, त्याच्या अँटेनाचं तोंड कोणत्या दिशेला असावं, शक्ती किती, ही बोलणी मोबाईल कंपन्यांशी करायची. आसपास नवा कारखाना काढायचा तर एनसीआरएची नाहरकत घ्यायची. स्वतःच्या घरातला गोंगाटही बांधून ठेवायचा: दुर्बिणीची गणकयंत्रं लोखंडी पिंजऱ्यासारख्या बंदिस्त खोल्यांत, कारण कॉम्प्युटरही रेडिओ लहरी ओकतो. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या सुमारास विज्ञान दिनाला खोडदला जत्रा भरते, जिल्ह्याजिल्ह्यांतून शाळांच्या बसेस येतात. तिथे मोबाईल बंद ठेवायला सांगतात. सेल्फी घ्यायला आलेल्या पाहुण्यांचा हिरमोड होतो आणि मुलांना मात्र नियम चटकन पटतो, हे बघण्यासारखं असतं.

सगळं खापर मोबाईलवर फोडणं मात्र अन्यायाचं होईल. मीटरभर लहरींच्या खालच्या पट्ट्यांत खोडदचा मोठा शत्रू विजेच्या तारा आहेत. ११ केव्हीच्या लाइनवर कुठेतरी एक जोड सैल झालेला असतो, चिनी मातीच्या इन्सुलेटरला तडा गेलेला असतो, डीपीच्या फ्यूजवर तार नुसती गुंडाळलेली असते, कुणी मोटारीसाठी आकडा टाकलेला असतो. तिथे फटीतून ठिणगी उडत राहते. डोळ्याला दिसत नाही, पण १५० मेगाहर्ट्झला ती ढणाढणा जळते. विश्वातले पहिले तारे पेटले त्या काळाचा मागोवा घेण्यासाठी परदेशी आणि भारतीय शास्त्रज्ञांच्या एका गटाने इथे बरीच वर्षं निरीक्षणं केली. त्यांच्या कामाचा एक मोठा भाग काय होता? तबकड्यांमधल्या वेळेच्या फरकावरून गोंगाटाची जागा नकाशावर काढायची, हातात अँटेना आणि जीपीएस घेऊन शेतांतून तिथवर जायचं, आणि सापडायचा एखादा कुरकुरणारा ट्रान्सफॉर्मर नाहीतर तारेवर लोंबणारा धातूचा तुकडा. मग वायरमनला बोलवायचं. विश्वाच्या पहाटेचा शोध जुन्नर तालुक्यात महावितरणच्या शिडीवरून जातो. स्वतः स्वरूप निवृत्तीनंतरही वीजतारांच्या या व्यत्ययावर लिहीत राहिले.

जे हटवता येत नाही ते गाळायचं. संग्राहकात मोबाईलच्या पट्ट्यांना अडवणारी फिल्टरं बसवली. त्याहून हुशारीचं काम गणितात झालं. आकाशातली वस्तू पृथ्वीच्या फिरण्याने सरकते, मनोरा मात्र जागेवर असतो. दुर्बीण ताऱ्याचा माग काढत असताना ताऱ्याचा संदेश स्थिर राहतो आणि मनोऱ्याचा मात्र ठरावीक लयीत गोल फिरताना दिसतो. ती लय ओळखून नेमका तेवढाच भाग वजा करायची रीत पुण्याच्या आयसरमधले रमणा आत्रेय यांनी २००९ मध्ये मांडली. तोवर खराब निरीक्षण सरळ फेकून देत, त्यांनी ते धुऊन वापरण्याची सोय केली. एनसीआरएमध्ये कौशल बुच आणि सहकाऱ्यांनी ठिणग्यांसारखे अचानक उसळणारे आवाज निरीक्षण चालू असतानाच हुडकून काढणारी यंत्रणा बसवली. लांब फाट्यांवरच्या तबकड्यांचाही इथे फायदा होतो. एका गावातला गोंगाट वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या तबकडीला ऐकू येत नाही, आणि दोघींनी ऐकलेलं तेच खरं धरायचं, असा या दुर्बिणीचा मूळ स्वभावच आहे.

फसगत होणं केवळ खोडदच्या नशिबी नाही. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीला १९९८ पासून अधूनमधून विचित्र रेडिओ स्फोट ऐकू येत. ते अवकाशातले वाटावेत असे होते, त्यांना ‘पेरीटॉन’ असं ऐटदार नावही मिळालं. २०१५ मध्ये छडा लागला. स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हचं दार कोणीतरी वेळ संपायच्या आधीच उघडत होतं.

आणि एवढ्या गलबल्यात खोडदने काय ऐकलं? १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचं शियापरेली यान मंगळावर उतरत होतं. त्याचा काही वॅटचा छोटा प्रक्षेपक मुळात मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांशी बोलण्यासाठी होता. पृथ्वी तिथून साडेसतरा कोटी किलोमीटर लांब. तरी ४०१ मेगाहर्ट्झच्या आसपासची ती कुजबुज नारायणगावच्या शेतांत थेट ऐकू आली. वातावरणात शिरताना, छत्री उघडताना संदेश येत राहिला, आणि उतरण्याच्या वेळेच्या थोडं आधी तुटला. यान आपटलं होतं. पॉवरच्या मानाने ते यान आणि टोमॅटोच्या मार्केट यार्डात उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या खिशातला फोन यांत फार फरक नव्हता.

तोवर दुर्बिणीने कात टाकायला घेतली होती. पूर्वी ती काही ठरावीक अरुंद खिडक्यांतून बघायची, आता १२५ ते १४५० मेगाहर्ट्झपर्यंत जवळपास सलग बघते. ‘जवळपास’ म्हणायचं, कारण चौथा पट्टा ५५० ला सुरू होऊन ८५० ला संपतो आणि पाचवा थेट १०५० ला सुरू होतो. मधल्या जागेत काय बसलंय ते आता सांगायला नको. रुंद खिडकीत उजेड जास्त आणि धूळही जास्त, पण फळ मिळालं. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये एनसीआरएच्या आदित्य चौधुरी, निस्सीम काणेकर, जयराम चेंगलूर आणि सहकाऱ्यांनी ७,६५३ दीर्घिकांचे संदेश एकावर एक रचून आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या हायड्रोजनचं मोजमाप ‘नेचर’मध्ये छापलं. ज्या वायूतून तारे घडतात तो तेव्हा किती होता, हे इतक्या मागे जाऊन कोणी मोजलं नव्हतं. त्यांची निरीक्षणं साधारण ५८० ते ८१५ मेगाहर्ट्झमधली. २०२३ मध्ये एकाच दीर्घिकेतला, ८.८ अब्ज वर्षं प्रवास करून आलेला हायड्रोजनचा संदेश खोडदच्याच निरीक्षणांतून जाहीर झाला. तो सापडला ६२० मेगाहर्ट्झच्या आसपास.

आता ७०० मेगाहर्ट्झचा मोबाईल पट्टा बघा. हा पट्टा २०१६ आणि २०२१ च्या लिलावांत महाग म्हणून कोणी घेतला नव्हता. ऑगस्ट २०२२ मध्ये जिओने फाइव्ह-जीसाठी तो घेतला. यात मनोरे ७५८ ते ८०३ या भागात बोलतात, म्हणजे सात अब्ज वर्षांपूर्वीच्या हायड्रोजनच्या डोक्यावर. चौधुरींच्या निरीक्षणांचा वरचा भाग हाच. ७०० चा पट्टा लांबवर पोचतो, भिंतींतून आत शिरतो, म्हणून खेड्यांसाठी तो सर्वांत उपयोगी. नेमकी हीच गुणवत्ता दुर्बिणीला जाचक. शिवाय जुना जीएसएम उघडझाप करायचा, त्याची चाहूल तरी लागायची. फोर-जी आणि फाइव्ह-जीचा आवाज रुंद, सपाट आणि सळसळीसारखा असतो. आपल्या स्पीकरना तो ऐकू येत नाही म्हणून आपण सुटलो. दुर्बिणीला मात्र तो आकाशाच्या सळसळीपासून वेगळा काढणं अवघड, म्हणून त्या पट्ट्यावर पुष्कळदा पाणीच सोडावं लागतं. डोंगरांचा आडोसाही आता पूर्वीसारखा पुरत नाही. डोक्यावरून उपग्रहांचे ताफे जातात, आणि नारायणगडाची उंची त्यांना आडवी येत नाही.

जुन्नरच्या बाजूने बघितलं तर ही गोष्ट वेगळी दिसते. चाकणला कारखाने आले, रांजणगावला आले, आमच्याकडे एमआयडीसी का नाही, हा सवाल तालुक्यात प्रत्येक निवडणुकीत उठतो आणि उत्तरात दुर्बिणीचं नाव येतं. नारायणगावजवळून आखलेल्या पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेलाही तिचाच अडसर आला. विजेवर धावणारी गाडी, डोक्यावर तार, पेंटोग्राफच्या ठिणग्या, म्हणून जीएमआरटीने हरकत घेतली. रेल्वे मंत्रालयाने मार्ग दुर्बिणीपासून दूर नेण्याची भूमिका घेतली तेव्हा जुन्नर, आंबेगाव, खेडमध्ये नाराजी उसळली. या लोकांना विज्ञानविरोधी म्हणणं सोपं आहे. चाळीस वर्षांपूर्वी त्यांच्या गावची शांतता फुकट मिळाली होती. आज तिला भाव आहे आणि तो त्यांना कोणी दिलेला नाही. दुर्बीण हलवता येत नाही, हेही तितकंच खरं. ३० तबकड्या उचलून न्यायच्या तर भारतात खोडदइतकी शांत जागा आता शोधायची कुठे? रेल्वे लांबून गेली तर नारायणगावचा टोमॅटो पूर्वीसारखाच ट्रकने वाशीला जाईल, आणि त्याचा भाव पहाटे मोबाईलवरच ठरेल.